ॲनिमेशनपटांतील भावनांचे चित्रण : ‘रीझन अँड इमोशन’ (१९४३) ते ‘इनसाइड आउट’ (२०१५)

मानवी भावनांना पात्रांचे रूप देऊन त्यांचे नाट्य डोक्याच्या आतच रंगविण्याचा प्रयोग डिस्ने संस्थेने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात केला होता. १९४३ मध्ये प्रदर्शित झालेला, बिल रॉबर्ट्स दिग्दर्शित ‘रीझन अँड इमोशन’ हा सुमारे आठ मिनिटांचा लघुपट प्रामुख्याने युद्धकालीन प्रचारपट म्हणून ओळखला जातो. २०१५ मध्ये पिक्सारचा, पीट डॉक्टर दिग्दर्शित ‘इनसाइड आउट’ आला. दोन्ही चित्रपट माणसाच्या डोक्यात शिरतात. मात्र तेथे सूत्रे कोणाच्या हाती असावीत, या प्रश्नाची त्यांची उत्तरे भिन्न आहेत. मधल्या ७२ वर्षांत भावनांविषयीची मानसशास्त्रीय दृष्टी कशी पालटली, याचा हे दोन चित्रपट एक बोलका पुरावा ठरतात.

१९४३ च्या लघुपटात डोके म्हणजे जणू एक मोटार आहे. चष्मा लावलेला, सुटाबुटातला ‘विवेक’ चालकाच्या आसनावर, तर आदिमानवासारखी दिसणारी ‘भावना’ मागे बसते. रस्त्यात तरुणी दिसताच ‘भावना’ चालकाला दूर सारते आणि त्या गृहस्थाला चपराक खावी लागते. पुढे नाझी माणसाच्या डोक्यात हिटलर भीती, सहानुभूती, अभिमान व द्वेष यांच्या बळावर ‘भावने’ला वश करतो आणि ‘विवेका’ची रवानगी छळछावणीत होते. शेवटी ‘भावने’ला देशप्रेमापुरते स्थान मिळते, तेही मागच्याच आसनावर. युद्धात गुंतलेल्या अमेरिकी नागरिकाला केलेला हा उपदेश त्या प्रसंगी समजण्याजोगा होता. त्यामागील प्रतिमा मात्र फार जुनी आहे. कठोपनिषदातील रथरूपकात बुद्धी सारथी आहे. प्लेटोच्या ‘फीड्रस’ संवादातही सारथी दोन घोड्यांना आवरतो. डिस्नेने रथाच्या जागी मोटार आणली.

ही चौकट सैल होण्यास मानसशास्त्रातही बराच काळ जावा लागला. डार्विनने १८७२ च्या ग्रंथात भावाभिव्यक्तीचा संबंध प्राणिसृष्टीशी जोडला होता; परंतु १९१३ नंतर वॉटसन यांच्या वर्तनवादाने आंतरिक अनुभवांना शास्त्राच्या कक्षेबाहेर ठेवले. १९६० च्या दशकाच्या अखेरीस पॉल एकमन व वॉलेस फ्रीसन यांनी न्यू गिनीतील फोरे लोकांचा अभ्यास करून काही मुद्रांचा अर्थ सर्व मानवसमूहांत सारखाच लावला जातो, असे प्रतिपादन केले. अंतोनियो दामासिओ यांनी १९९४ मध्ये मेंदूच्या पुढील भागास इजा झालेल्या रुग्णांचे विवेचन केले. त्यांची बुद्धी शाबूत होती, भावना बोथटल्या होत्या, आणि दैनंदिन निर्णय घेणेही त्यांना अवघड झाले होते.

‘इनसाइड आउट’साठी एकमन व डॅकर केल्टनर हे सल्लागार होते. अकरा वर्षांची रायली मिनेसोटाहून सॅन फ्रान्सिस्कोला येते. तिच्या मनातील नियंत्रण-फलकासमोर आनंद, दुःख, राग, भीती व किळस उभे आहेत. विवेक नावाचे पात्रच नाही. (भरताच्या आठ स्थायिभावांपैकी शोक, क्रोध, भय व जुगुप्सा यांच्याशी यांतील चार सहज जुळतात; तथापि भरताचे विवेचन नाट्यातील रसनिष्पत्तीसाठी आहे, तेव्हा हे साम्य फार ताणू नये.)

चित्रपटाचा गाभा दुःखाच्या कार्याविषयी आहे. ‘आनंद’ जमिनीवर खडूने वर्तुळ आखून ‘दुःखा’ला त्यातच उभे करतो. बाहेर आई रायलीला सांगते, की वडिलांवर ताण आहे, तू अशीच हसतमुख राहा. आर्ली हॉकशिल्ड यांनी १९८३ मध्ये विमान-परिचारिकांच्या ‘भावनिक श्रमा’चे विवेचन करताना खाजगी जीवनातही माणसे भावनांचे असे नियमन करतात, हे नोंदविले होते. आईची प्रेमळ विनंती त्याच जातीची आहे, आणि तीच मुलीला महागात पडते. ‘आनंद’ व ‘दुःख’ दोघेही कक्षाबाहेर फेकले गेल्यावर रायली घर सोडून निघते आणि फलक काळा पडून निकामी होतो. दुःख आणि भावशून्यता यांतील भेद वर्गात समजावताना याहून नेमके दृश्य सापडणे कठीण. बालपणीचा काल्पनिक सवंगडी बिंग बाँग खचतो तेव्हा ‘आनंदा’च्या गुदगुल्या व्यर्थ जातात, ‘दुःख’ शेजारी बसून त्याचे ऐकून घेते, आणि रडून झाल्यावर तो चालू लागतो. अखेरीस रायली आईवडिलांसमोर रडते, तेव्हा कुठे तिला जवळ घेतले जाते.

मर्यादाही आहेत. ‘दुःखा’चे पात्र सुस्त, फरपटत न्यावे लागणारे आहे, प्रत्यक्षात दुःखाने शरीर अनेकदा उत्तेजित होते, असा आक्षेप खुद्द केल्टनर व एकमन यांनीच नोंदविला. आठवणी काचेच्या गोळ्यांसारख्या साठविलेल्या दाखविल्या आहेत, तर फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ मध्येच स्मरण ही पुनर्रचना असल्याचे मांडले होते. लिसा फेल्डमन बॅरेट यांनी २०१७ च्या ग्रंथात भावना जन्मतः ठरलेल्या नसून मेंदू त्या प्रसंगानुरूप घडवितो, असा पक्ष मांडून पाच पात्रांच्या कल्पनेलाच आव्हान दिले.

त्याहून मूलभूत प्रश्न असा, की फलक भावनांच्या हाती असेल तर रायली स्वतः कोठे आहे? केल्सी मान दिग्दर्शित दुसऱ्या भागात (२०२४) तेरा वर्षांच्या रायलीच्या फलकाचा ताबा ‘चिंता’ घेते आणि बर्फावरील हॉकीच्या मैदानात तिला घबराटीचा झटका येतो. तो ओसरल्यावर मात्र सूत्रे बळकावण्यास कोणीही पुढे येत नाही. ‘आनंदा’ला फलकाकडे बोलावून घेते ती रायलीच.