बुडापेस्ट नावाचा सिडनीतला क्लब

आमची एक रविवारची फुटबॉल टीम आहे. हिंजवडीजवळच्या टर्फवर सकाळी सातला जमतो. (म्हणजे सात म्हणायचं, पावणेआठ होतात.) टीमचं नाव 'नगर इलेव्हन'. खेळतात सात जण, त्यातले नगरचे आम्ही तीनच. जिल्ह्याचं नाव 2024 मध्ये अहिल्यानगर झालं, तेव्हापासून ग्रुपवर एक वाद अधूनमधून उकळतो, टीमचं नाव बदलायचं की नाही? परवा आमच्या गोलकीपरने, जो मूळचा विजयवाड्याचा आहे, शांतपणे लिहिलं, "मला दोन्ही चालतील, मी तुमच्या गावाला कधी गेलोच नाहीये."

त्यावरून मला बुडापेस्ट आठवलं. हंगेरीतलं नाही, सिडनीतलं.

गोष्ट सुरू होते 1956 साली, आणि सुरुवातीलाच त्यात आपण आहोत. मेलबर्न ऑलिंपिकच्या फुटबॉलमध्ये भारताची पहिली मॅच हंगेरीशी होती. त्या वेळची हंगेरी म्हणजे काय चीज होती ते आज कळणं कठीण आहे. 1952 चं ऑलिंपिक सुवर्ण त्यांचं. नोव्हेंबर 1953 मध्ये त्यांनी इंग्लंडला वेम्बलीवर जाऊन 6-3 असं धुतलं, पुढच्या मे महिन्यात बुडापेस्टला बोलावून 7-1. 1954 च्या वर्ल्डकपची फायनल तेवढी हरले. आणि आपण? 1952 च्या हेलसिंकीत युगोस्लाव्हियाकडून 10-1 खाऊन आलेलो. हंगेरीविरुद्ध काय झालं असतं याचा अंदाज करा.

पण मॅच झालीच नाही. 23 ऑक्टोबर 1956 ला बुडापेस्टमध्ये उठाव झाला, 4 नोव्हेंबरला सोव्हिएत रणगाडे शहरात शिरले, आणि 22 नोव्हेंबरला ऑलिंपिक सुरू झालं तेव्हा हंगेरीचे इतर खेळाडू आले, फुटबॉलचा संघ आला नाही. भारताला पुढे चाल मिळाली. 1 डिसेंबरला क्वार्टरफायनलमध्ये आपण यजमान ऑस्ट्रेलियाला 4-2 हरवलं. त्यात नेव्हिल डिसोझाची हॅटट्रिक होती, ऑलिंपिकमध्ये हॅटट्रिक करणारा पहिला आशियाई. भारत चौथा आला. हे आपण अजून सांगतो, आणि सांगावंच.

आता जरा कॅमेरा फिरवू. उठाव चिरडल्यावर सुमारे दोन लाख माणसं हंगेरीतून पळाली. त्यातली चौदा हजारांच्या आसपास ऑस्ट्रेलियाला पोचली. भाषा येत नाही, डिग्री चालत नाही, मग कारखान्यात काम करायचं आणि रविवारी काय? फुटबॉल. 1957 मध्ये सिडनीतल्या हंगेरियन मंडळींनी क्लब काढला आणि नाव दिलं 'बुडापेस्ट'. ज्या शहरात परत जाता येणार नव्हतं त्याचं नाव.

यात नवल काही नाही. मुंबईत धोबीतलावाला गोवेकरांचे 'कूड' होतेच की. एकेका गावाचा एकेक क्लब, बोटीवर नोकरी मिळेपर्यंत राहायची सोय. कोकणातल्या गिरणी कामगारांच्या गावकीच्या खोल्यांचंही तेच. नेव्हिल डिसोझासुद्धा गोव्यातल्या आसगावचा, पण टाटा स्पोर्ट्स क्लबसाठी मुंबईत खेळायचा. माणूस गाव सोडतो आणि पहिली गोष्ट काय करतो, तर नव्या जागी जुन्या गावाची पाटी लावतो.

सिडनीत अशा पाट्यांची गर्दी झाली. ज्यू लोकांचा हाकोआ, इटालियनांचा आपिया, शिवाय ग्रीक, क्रोएशियन, सर्ब. गोऱ्या ऑस्ट्रेलियनांचा जीव रग्बी आणि क्रिकेटवर. फुटबॉलला ते 'वॉगबॉल' म्हणून हिणवायचे, म्हणजे परक्या भुरट्यांचा खेळ. जुन्या संघटनेत या नव्या क्लबांना वरच्या श्रेणीत यायला वाव मिळेना, म्हणून 1957 मध्येच न्यू साउथ वेल्समध्ये फूट पडली आणि वेगळं फेडरेशन निघालं. नव्या क्लबांनी युरोपातून खेळाडू आणले, पण त्यांच्या जुन्या क्लबांना ट्रान्सफरचे पैसे न देता. फिफाने 1960 मध्ये ऑस्ट्रेलियाला निलंबित केलं, ते 1963 पर्यंत. थोडक्यात, सज्जनांचा मामला नव्हता हा.

आता बुडापेस्टवाल्यांची अडचण बघा. ग्रीक आणि इटालियन लाखांनी येत होते, दरवर्षी नवे. हंगेरियनांची मोठी लाट आली 1956-57 मध्ये, आणि मग दार बंद. प्रेक्षक कमी, खेळाडू त्याहून कमी. फक्त आपली माणसं घेऊन खेळायचं म्हटलं तर दहा वर्षांत क्लब म्हाताऱ्यांचा झाला असता. त्यांनी दोन गोष्टी केल्या. साठच्या दशकात दक्षिण सिडनीतल्या सेंट जॉर्ज भागाशी नातं जोडून नाव 'सेंट जॉर्ज बुडापेस्ट' केलं. (इथे सेंट जॉर्ज म्हणजे संत नव्हे, इलाखा.) आणि संघात कोणालाही घेतलं.

कोणालाही म्हणजे खरंच कोणालाही. 1963 मध्ये जॉनी वॉरन आला, सिडनीत जन्मलेला, हंगेरीशी काडीचा संबंध नाही. तो पुढे क्लबचाही कॅप्टन झाला आणि देशाचाही. मानफ्रेड शेफर आला, जर्मन निर्वासिताचा मुलगा, सकाळी दूध टाकायचा आणि मग सेंटर हाफला खेळायचा. हॅरी विल्यम्स आला, आदिवासी ऑस्ट्रेलियन. ज्या देशात आदिवासींना शिरगणतीत धरायचं की नाही यावर 1967 मध्ये सार्वमत घ्यावं लागलं, तिथे. आणि अटिला अबोनी, हा मात्र बुडापेस्टमध्येच जन्मलेला. तो मेलबर्न हंगेरिया या भावंड क्लबातून आला. त्या क्लबाने 1967 चा ऑस्ट्रेलिया कप जिंकला होता.

1974 मध्ये ऑस्ट्रेलिया पहिल्यांदा वर्ल्डकपला गेली. हे चौघंही त्या संघात होते. पूर्व जर्मनीकडून 0-2, पश्चिम जर्मनीकडून 0-3, चिलीशी 0-0. गोल एकही नाही, पण दूधवाला शेफर गेर्ड म्युलरला मार्क करत होता, यजमान देशात, हॅम्बुर्गच्या मैदानावर. हॅरी विल्यम्स वर्ल्डकप खेळणारा पहिला आदिवासी ऑस्ट्रेलियन ठरला. ज्या ऑस्ट्रेलियाला अठरा वर्षांपूर्वी नेव्हिलने तीन गोल मारले होते ती ही.

इथे मला थांबून विचार करावासा वाटतो. 1956 ला आपण त्यांच्या पुढे होतो, यात शंका नाही. मग 1974 ला ते तिथे आणि आपण कुठे? कारणं शंभर असतील. पण एक मला इंजिनिअर म्हणून पटतं: त्यांच्याकडे दर आठवड्याला एकमेकांच्या उरावर बसणारे क्लब होते, त्यांच्यात ईर्षा होती आणि बाहेरचा माणूस घ्यायची गरज होती. वरून कोणी आराखडा दिला नव्हता. आपल्याकडे राष्ट्रीय लीग सुरू व्हायला 1996 उजाडलं. त्यांची 1977 मध्ये सुरू झाली, आणि सेंट जॉर्ज तिच्या पहिल्या मोसमात होताच.

1983 मध्ये ते त्या लीगचे विजेते झाले. कोच फ्रँक आरॉक, युगोस्लाव्हियात वाढलेला हंगेरियन. त्याच वर्षी तो देशाचा कोच झाला. पण मैदानाच्या पायऱ्या रिकाम्या राहू लागल्या होत्या. पहिली पिढी थकलेली, मुलांची भाषा इंग्रजी. ज्यांना बुडापेस्ट आठवत होतं ते कमी होत गेले, आणि सेंट जॉर्ज भागातला माणूस रग्बी बघायचा. म्हणजे दार उघडं ठेवल्याने खेळाडू मिळाले, प्रेक्षक नाही मिळाले. हे मला जास्त खरं वाटतं, कारण मोठेपणाच्या गोष्टी सहसा एवढ्यावर थांबत नाहीत.

शेवटही बघा कसा. 1990-91 हा सेंट जॉर्जचा राष्ट्रीय लीगमधला शेवटचा मोसम. त्या वर्षी विजेतेपद साउथ मेलबर्न हेलासला, ग्रीकांच्या क्लबाला. त्यांचा कोच कोण? फेरेंत्स पुश्काश! 1953 ला वेम्बलीवर इंग्लंडला रडवणारा हंगेरीचा कॅप्टन, जो 1956 च्या उठावाच्या वेळी क्लबबरोबर परदेशात होता आणि तेव्हा परतला नाही. ऑस्ट्रेलियातला हंगेरियनांचा क्लब बाहेर पडत होता आणि जगातला सगळ्यात प्रसिद्ध हंगेरियन ग्रीकांना कप मिळवून देत होता.

पुढे फेडरेशनने क्लबांच्या नावातून देश-जमाती काढायला लावल्या. 2014 मध्ये तर नव्या क्लबांसाठी तसा नियमच केला, तो 2019 मध्ये मागे घेतला. सेंट जॉर्जने बुडापेस्ट त्याआधीच गाळलेलं होतं. क्लब आजही सिडनीत राज्यपातळीवर खेळतो.

मी सहा महिने ऑनसाइट सिडनीला होतो तेव्हा यातलं काही माहीत नव्हतं. तिथल्या गणपतीला टीममधल्या एका तेलुगू मित्राला हौसेने घेऊन गेलो होतो. सगळं छान होतं, मोदकही होते. पण आम्ही सगळे मराठीत सुरू झालो आणि तो तासभर प्लेट धरून भिंतीपाशी उभा होता. मला ते घरी आल्यावर लक्षात आलं, आणि अजून खुपतं.

तो मित्र म्हणजेच आमचा गोलकीपर. काल रात्री ग्रुपवर नावाचं मतदान झालं. 'नगर' ला तीन, 'अहिल्यानगर' ला दोन, एक तटस्थ. त्याने मत दिलं नाही, फक्त विचारलं, उद्या ग्लोव्ह्ज कोण आणतंय.