मानफ्रेड रोमेल

मानफ्रेड रोमेल (२४ डिसेंबर १९२८ – ७ नोव्हेंबर २०१३) हे जर्मन प्रशासक व राजकारणी होते. बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याची राजधानी असलेल्या श्टुटगार्ट शहराचे मुख्य महापौरपद त्यांनी १९७४ ते १९९६ या काळात भूषविले. ते ख्रिश्चन डेमोक्रॅटिक युनियन या पक्षाचे सदस्य होते. दुसऱ्या महायुद्धातील सेनानी फील्डमार्शल एरविन रोमेल हे त्यांचे वडील.

पूर्वायुष्य

हिटलरविरोधी कटाशी संबंध असल्याच्या संशयावरून एरविन रोमेल यांना १४ ऑक्टोबर १९४४ रोजी विष घेण्यास भाग पाडण्यात आले. घर सोडण्यापूर्वी त्यांनी पंधरा वर्षांच्या मानफ्रेडला ही गोष्ट सांगितली होती. शासनाने मात्र मृत्यूचे खरे कारण दडवून त्यांचा अंत्यविधी राजकीय इतमामात केला. युद्धाच्या अखेरीस फ्रेंच सैन्याच्या ताब्यात असताना मानफ्रेड यांनी लेखी निवेदन देऊन सत्य उघड केले.

पुढे ट्यूबिंगन येथे कायद्याचे शिक्षण घेऊन ते १९५६ मध्ये राज्याच्या प्रशासकीय सेवेत दाखल झाले आणि १९७२ मध्ये अर्थखात्याचे राज्यसचिव झाले.

मुख्य महापौर

या पदाची कल्पना मुंबईच्या महापौरपदावरून करता येत नाही. मुंबईत प्रशासनाची सूत्रे राज्य शासनाने नेमलेल्या महापालिका आयुक्तांकडे असतात. श्टुटगार्टचा मुख्य महापौर थेट मतदारांकडून आठ वर्षांसाठी निवडला जातो; नगरपरिषदेचा अध्यक्ष आणि प्रशासनाचा प्रमुख तोच असतो. (ही दोन शहरे १९६८ पासून भगिनी शहरे आहेत.) आर्नुल्फ क्लेट यांच्या निधनानंतर झालेल्या निवडणुकीत रोमेल यांनी सोशल डेमोक्रॅटिक पक्षाच्या पीटर कोनराडी यांचा दुसऱ्या फेरीत पराभव केला. १९८२ व १९९० मध्ये ते पुन्हा निवडून आले. क्लेट १९४५ पासून पदावर असल्याने, युद्धानंतरच्या एक्कावन्न वर्षांत शहराने दोनच मुख्य महापौर पाहिले.

काटकसर हा त्यांच्या कारभाराचा विशेष होता. जुन्या ट्रामचे रूपांतर रुंद रुळांवरील शहर-रेल्वेत करण्याचे काम त्यांच्या काळात पुढे गेले व १९८५ मध्ये तिचा पहिला मार्ग सुरू झाला.

१९७७ मधील दफनाचा वाद

रोमेल यांची खरी कसोटी एका दफनभूमीच्या प्रश्नावर लागली. ‘रेड आर्मी फॅक्शन’ या दहशतवादी संघटनेने उद्योगपतींचे प्रतिनिधी हान्स मार्टिन श्लायर यांचे अपहरण केले होते. १८ ऑक्टोबर १९७७ रोजी संघटनेचे आंद्रेआस बाडर, गुड्रुन एन्सलिन व यान-कार्ल रास्प हे कैदी श्टुटगार्टच्या श्टामहाइम कारागृहात मृतावस्थेत आढळले. अधिकृत चौकशीचा निष्कर्ष आत्महत्येचा होता. दुसऱ्याच दिवशी श्लायर यांचा मृतदेह सापडला आणि जनमत प्रक्षुब्ध झाले.

तिघांचे एकत्र दफन व्हावे, अशी एन्सलिन कुटुंबीयांची इच्छा होती. शहरातील दफनभूमीत अशा मृतांना जागा देऊ नये, असा अनेक नागरिकांचा आणि स्वपक्षीयांचा आग्रह होता. दफनभूमी नगरप्रशासनाच्या अखत्यारीत असल्याने निर्णय रोमेल यांच्याकडे आला. मृत्यूनंतर वैर संपले पाहिजे, अशी भूमिका घेऊन त्यांनी डोर्नहाल्डन दफनभूमीत जागा दिली. २७ ऑक्टोबर रोजी मोठ्या पोलीस बंदोबस्तात दफन झाले. थेट निवडून आलेल्या महापौराला पुन्हा मतदारांसमोरच जायचे असते, हे लक्षात घेता या निर्णयातील धोका उघड आहे. त्याच वर्षी, कैदी एन्सलिनच्या दंतोपचारासाठी वर्गणी गोळा करण्यास हातभार लावणारे नाट्यदिग्दर्शक क्लाउस पायमान यांना तडकाफडकी काढून टाकण्याची मागणी झाली. तेव्हाही रोमेल पायमान यांच्या बाजूने उभे राहिले.

१९८९ मध्ये एका आफ्रिकी आश्रयार्थीच्या हातून दोन पोलीस मारले गेले, तेव्हा परदेशी रहिवाशांविरुद्ध उसळलेला रोष आवरण्याचे आवाहन त्यांनी केले.

उत्तरकाळ

जर्मन नगर महासंघाचे अध्यक्षपद त्यांनी एकाहून अधिक वेळा सांभाळले. जेरुसलेमचे महापौर टेडी कोलेक यांच्याशी त्यांचा स्नेह होता. तसेच युद्धात वडिलांविरुद्ध लढलेल्या माँटगोमेरी यांच्या पुत्राशीही. विनोदी सुभाषितांच्या त्यांच्या पुस्तकांना मोठा वाचकवर्ग लाभला. १९९६ मध्ये ते निवृत्त झाले आणि शहराने त्यांना सन्माननीय नागरिकत्व दिले. त्यांच्यानंतर वोल्फगांग शुस्टर मुख्य महापौर झाले. अखेरची अनेक वर्षे ते कंपवाताने आजारी होते. २०१४ मध्ये श्टुटगार्टच्या विमानतळाला त्यांचे नाव देण्यात आले.