तबल्याचा ‘पेशकार’ आणि सिम्फनीचा वाद्यमेळ

पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या मैफलीत एखादी समकालीन रचना आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची एखादी भव्य रचना एकाच संध्याकाळी सादर करण्याची प्रथा जगभर रूढ आहे. महाराष्ट्रात या प्रथेचे ठळक उदाहरण म्हणून मुंबईच्या ‘सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया’कडे पाहावे लागते. या वाद्यवृंदासाठी उस्ताद झाकीर हुसेन यांनी रचलेली ‘पेशकार’ ही तबला आणि सिम्फनी वाद्यमेळासाठीची रचना सप्टेंबर २०१५ मध्ये मुंबईत प्रथम सादर झाली. तबल्यासारखे वाद्य शंभराच्या आसपास वादकांच्या ताफ्यासमोर एकल वाद्य म्हणून उभे राहणे ही केवळ नवलाई नव्हती. भारतीय संगीतकाराची नवी रचना पाश्चात्त्य वाद्यमेळाच्या नेहमीच्या कार्यक्रमात टिकू शकते का, हा प्रश्न तिने पुढे आणला.

उत्तर रोमँटिक काळ म्हणजे काय?

साधारणपणे १८६० ते १९१० हा पाश्चात्त्य संगीतातील उत्तर रोमँटिक काळ मानला जातो. चायकोव्हस्की, ब्रुकनर, गुस्ताव्ह मालर, रिचर्ड स्ट्राउस, रिम्स्की-कोर्साकोव्ह हे या काळातील प्रमुख संगीतकार. रॅखमॅनिनोव्ह यांनी हीच शैली पुढे विसाव्या शतकात नेली. मोझार्टच्या काळात तीस-चाळीस वादकांवर भागणारा वाद्यमेळ या काळात ऐंशी-शंभर वादकांपर्यंत वाढला. पितळी सुषिर वाद्ये आणि आघातवाद्ये यांची संख्या व महत्त्व वाढले. कथा, काव्य, निसर्ग, नियती असे विषय स्वरांतून मांडण्याची ओढ लागली.

रिम्स्की-कोर्साकोव्ह यांची १८८८ मधील ‘शेहेरजाद’ ही रचना त्याचा उत्तम नमुना आहे. कृष्णशास्त्री चिपळूणकरांच्या अनुवादामुळे मराठी वाचकांच्या अनेक पिढ्यांना परिचित झालेल्या अरबी कथांचाच हा विषय. रोज रात्री नवी गोष्ट सांगून आपला जीव वाचविणारी शेहेरजाद येथे एकल व्हायोलिनच्या नाजूक सुरांतून बोलते, तर क्रूर सुलतान पितळी वाद्यांच्या कठोर स्वरांतून. चार भागांची ही रचना सुमारे पाऊण तास चालते. शेवटी सुलतानाचा स्वर मवाळ होतो आणि व्हायोलिनचाच सूर उरतो. श्रोत्याला स्वरलेखनाचे ज्ञान नसले तरी ही गोष्ट कळते. म्हणूनच या काळातील रचनांना आजही सर्वाधिक गर्दी होते.

जुन्या-नव्याची जोडी कशासाठी?

पाश्चात्त्य मैफलीचा क्रम बहुधा ठरलेला असतो. आरंभी छोटी प्रस्तावना, नंतर एखाद्या एकल वादकासह कॉन्चेर्टो, मग मध्यंतर आणि उत्तरार्धात सिम्फनी किंवा तितकीच मोठी रचना. नवी रचना बहुतेक वेळा मध्यंतरापूर्वी ठेवली जाते. परिचित रचनेसाठी आलेला श्रोता त्या निमित्ताने अपरिचित संगीतही ऐकतो, हा यातील व्यवहार. याला कलात्मक बाजूही आहे. एक रचना दुसरीवर प्रकाश टाकते. ‘शेहेरजाद’मध्ये एकटे व्हायोलिन संपूर्ण वाद्यमेळाशी संवाद करते, ‘पेशकार’मध्ये ते काम तबला करतो. दोन्ही एकापाठोपाठ ऐकल्यास एकल वादक आणि समूह यांचे नाते किती निरनिराळ्या प्रकारे घडू शकते, हे ध्यानात येते.

मुंबईतील पूर्वपीठिका

मुंबईत सिम्फनी संगीताची परंपरा नवी नाही. व्हायोलिनवादक मेहली मेहता यांनी १९३५ मध्ये ‘बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा’ची स्थापना केली. त्यांचे पुत्र झुबिन मेहता जगद्विख्यात संचालक झाले. पंडित रविशंकर यांची सतार आणि वाद्यमेळासाठीची दुसरी कॉन्चेर्टो ‘रागमाला’ १९८१ मध्ये न्यूयॉर्क फिलहार्मोनिकने झुबिन मेहता यांच्याच संचालनाखाली सादर केली. दुसरीकडे, गोव्याहून मुंबईत आलेल्या वादकांनी हिंदी चित्रपटसंगीताचे वाद्यमेळ उभे केले. त्यांपैकी अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ मध्ये स्वतःचा सिम्फनी वाद्यवृंद काढून रागांवर आधारित रचना सादर करण्याचा प्रयत्न केला. लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतील प्यारेलाल हे त्यांचे शिष्य.

या प्रयत्नांना कलावंत होते, प्रतिभा होती. नव्हता तो कायमस्वरूपी व्यावसायिक वाद्यवृंद. ती उणीव भरून काढण्याचा प्रयत्न २००६ मध्ये झाला. नरिमन पॉइंट येथील ‘एनसीपीए’चे खुश्रू सनटूक आणि कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मरात बिसेनगालियेव्ह यांच्या पुढाकाराने ‘सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया’ स्थापन झाला. वर्षातून दोन हंगाम, साधारणतः फेब्रुवारी आणि सप्टेंबरच्या सुमारास, आणि जमशेद भाभा नाट्यगृह हे व्यासपीठ, अशी त्याची घडी बसली.

‘पेशकार’चे वेगळेपण

एकल तबलावादनाची सुरुवात ज्या विलंबित, विस्तारक्षम रचनेने होते तिला पेशकार म्हणतात. पेश करणे, सादर करणे, हा त्या शब्दाचा अर्थ. झाकीर हुसेन यांनी हेच नाव निवडले, यात एक सूचकता होती. तबल्याची बोलभाषा पाश्चात्त्य वाद्यमेळापुढे पेश करण्याचेच ते काम होते.

यातील अडचण मूलभूत आहे. वाद्यमेळातील प्रत्येक वादकासमोर लिखित स्वरलेखन असते आणि सर्वांनी संचालकाच्या हाताच्या इशाऱ्यावर वाजवायचे असते. तबलावादक मात्र तालाची आवर्तने मनात ठेवून त्या क्षणी विस्तार करतो आणि समेवर येतो. समेची अपेक्षा आपल्या श्रोत्याच्या रक्तात असते. पाश्चात्त्य वादकाला ती मात्रा मोजून गाठावी लागते. म्हणून अशा रचनेत वाद्यमेळाचा भाग नेमका लिहिला जातो आणि तबल्याला उपजेसाठी मोकळ्या जागा ठेवाव्या लागतात. लिखित शिस्त आणि तात्कालिक स्फुरण यांची सांधेजोड हीच अशा रचनेची खरी कसोटी.

मुंबईतील पहिल्या प्रयोगाचे संचालन झेन दलाल यांनी केले. जानेवारी २०१६ मध्ये वाद्यवृंदाने स्वित्झर्लंडचा दौरा केला. फेब्रुवारी २०१९ मध्ये तो ब्रिटनला गेला, तेव्हा ‘पेशकार’बरोबर ‘शेहेरजाद’ही कार्यक्रमात होती. भारतीय वाद्यवृंदाने भारतीय संगीतकाराची समकालीन रचना आणि रोमँटिक काळातील लोकप्रिय रचना युरोपीय श्रोत्यांसमोर एकत्र ठेवावी, हा प्रसंग महत्त्वाचा होता.

पुढचा प्रश्न

उस्ताद झाकीर हुसेन यांचे १५ डिसेंबर २०२४ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे निधन झाले. त्यामुळे ‘पेशकार’पुढचा प्रश्न अधिक तीव्र झाला आहे. रिम्स्की-कोर्साकोव्ह १९०८ मध्ये गेले. त्यांची रचना मात्र कागदावर असल्यामुळे कोणताही सक्षम वाद्यवृंद ती वाजवू शकतो. ज्या रचनेतील एकल भाग रचनाकाराच्याच हातात आणि स्फुरणात होता, तिचे काय? वाद्यमेळाचा भाग लिहिलेला असतो, परंतु तबल्याचा भाग पुढच्या पिढीतील वादकाला परंपरेच्या आधाराने नव्याने घडवावा लागेल. रविशंकर यांच्या कॉन्चेर्टोंच्या बाबतीत हे काम त्यांच्या कन्या अनुष्का शंकर यांनी केले आहे. एकदा वाजून थांबलेली रचना इतिहासात जमा होते. पुन्हा पुन्हा वाजणारीच संग्रहात टिकते.

दुसरी अडचण वादकांची. या वाद्यवृंदात भारतीय वादकांचे प्रमाण आरंभापासून कमी राहिले आणि हंगामासाठी मोठ्या संख्येने वादक परदेशातून बोलवावे लागले. ओबो, बसून, फ्रेंच हॉर्न यांसारखी वाद्ये शिकविणारे गुरूच आपल्याकडे दुर्मीळ. लहान वयापासून मुलांना शिकविण्याचा उपक्रम ‘एनसीपीए’मध्ये सुरू झाला; परंतु असा वादक तयार होण्यास दहा-पंधरा वर्षे लागतात.

या संगीताला श्रोता मिळणार नाही, असे म्हणण्याचे मात्र कारण नाही. अजय-अतुल यांनी २०१६ च्या ‘सैराट’साठी हॉलिवूडच्या सोनी स्टुडिओत सिम्फनी वाद्यमेळासह ध्वनिमुद्रण केले आणि ती गाणी राज्याच्या कानाकोपऱ्यात पोहोचली. बीड जिल्ह्यातील युसूफ वडगावसारख्या गावातील तरुणाने नरिमन पॉइंटचे नाट्यगृह पाहिलेले नसेल, पण व्हायोलिनच्या ताफ्याचा तो भरदार आवाज त्याला परका राहिलेला नाही. तो आवाज प्रत्यक्ष ऐकण्याची सोय मात्र अजून मुंबईबाहेर फारशी सरकलेली नाही. औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले, शहरे वाढली, नाट्यगृहे बांधली गेली. मराठवाड्यात सिम्फनीची मैफल हा अजूनही अपवादच. जुन्या-नव्याची जोडी जमली आहे. आता वादक येथे घडणे आणि श्रोत्यापर्यंत मैफल जाणे, या दोन गोष्टींवर तिचे भवितव्य अवलंबून आहे.