पडद्याशेजारची सभा

श्रोतेहो, मागच्या वेळी आपण वृत्तपत्रांतल्या वाचकांच्या पत्रांपाशी थांबलो होतो. आज त्यापुढचा टप्पा घेऊ: कार्यक्रम चालू असतानाच त्याच्याविषयी बोलणारे लोक.

प्लेटोच्या ‘फीड्रस’ संवादात सॉक्रेटिस लेखनाविषयी तक्रार करतो, की लिहिलेल्या शब्दाला काही विचारा, तो पुन्हा तेच सांगतो. रेडिओबद्दल ब्रेख्टचीही १९३२ साली जवळजवळ हीच तक्रार होती. हे यंत्र नुसते ऐकवते, त्याला ऐकायलाही यायला हवे, असे त्याचे म्हणणे. ती सोय व्हायला बराच काळ लागला. आणि ती झाली तीही रेडिओच्या आत नव्हे, शेजारी.

१९८८च्या ऑगस्टमध्ये फिनलंडच्या औलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन याने आयआरसी ही गप्पांची व्यवस्था तयार केली. तिचा स्वभाव समजून घ्या, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे. तुम्ही एक ओळ लिहिता, सर्व्हर ती त्या क्षणी हजर असलेल्यांना पोचवतो आणि विसरून जातो. उशिरा आलात, तर आधीचे काही दिसत नाही. अगदी चावडीवरच्या बोलण्यासारखे! ओळीला ५१२ बाइटांची मर्यादा. देवनागरीचे एकेक चिन्ह आज तीन बाइट खाते, म्हणजे मराठी माणसाला मिळणार जेमतेम दीडशेच्या आसपास चिन्हे. पूर्वपक्ष नीट मांडल्यावाचून उत्तरपक्ष नाही, हा आपल्या शास्त्रांचा दंडक तिथे कसा पाळणार?

आता कॅलिफोर्नियातल्या पेटालुमा गावी जाऊ. लिओ लापोर्ट हा रेडिओ-टीव्हीवर मुरलेला माणूस. टेकटीव्ही वाहिनीवरच्या जुन्या सहकाऱ्यांना घेऊन त्याने २००५ साली ‘धिस वीक इन टेक’ हा तंत्रज्ञानावरच्या चर्चेचा कार्यक्रम सुरू केला. प्रथम तो ध्वनिमुद्रित असे. २००८ पासून मुद्रण चालू असतानाच ते थेट दिसू लागले आणि शेजारी आयआरसीची खोली भरू लागली. निवेदकाच्या समोर ती खोली उघडी असे. एखादे नाव आठवेना, सनावळी चुकली, की तिथून कुणीतरी सांगे आणि तो ते बोलता बोलता वाचून दाखवी.

गंमत अशी, की थेट प्रक्षेपण पोचायला काही सेकंद लागतात. त्यामुळे दुरुस्ती येते ती नेहमी मागल्या वाक्याला. बोलणारा पुढे गेलेला असतो, त्याला परतावे लागते. हे परत येणे आम्हाला फार मोलाचे वाटते. पुस्तकाला ते जमत नाही, आणि व्यासपीठावर चढलेल्या बहुतेकांनाही जमत नाही. (आम्ही मास्तर लोक तर नाहीच!) बाकी खोलीत सगळे विषयाचेच चाले असे समजू नका. जेवण, हवा, थट्टा, टोपणनावांनी ओळखणाऱ्यांची वर्षानुवर्षांची मैत्री. दंगा करणाऱ्याला बाहेर काढायला राखणदार असत. सभा म्हटली की हे आलेच.

पण इतिहास लिहिणाऱ्याची अडचण इथेच सुरू होते. कार्यक्रमांच्या फायली राहिल्या, खोलीतले बोलणे वाहून गेले. जुना भाग ऐकताना निवेदक मध्येच पडद्याकडे पाहून हसतो, आणि ज्यावर तो हसला ते वाक्य तुमच्यासमोर नसते. जपानमध्ये २००६च्या डिसेंबरात निघालेल्या निकोनिकोने वेगळी वाट धरली. तिथे प्रेक्षकाची टिप्पणी चित्रफितीतल्या त्या-त्या क्षणाला बांधलेली असते आणि चित्रावरून उजवीकडून डावीकडे सरकत जाते. उद्या पाहणाऱ्यालाही कालच्या माणसाची सोबत मिळते. मात्र निवेदकाला थांबवण्याची ताकद अशा नंतरच्या टिप्पणीत नसते.

पेटालुमाच्या मंडळींनी २०२१ मध्ये वर्गणीदारांचा क्लब काढला, त्याची बैठक डिस्कॉर्डवर भरते. तिथे जुने बोलणे मागे जाऊन वाचता येते, पण जपणूक एका कंपनीच्या हाती, आणि दाराशी वर्गणी. २०२४ मध्ये स्टुडिओ बंद झाला, कार्यक्रम घरून चालू राहिले.

आयआरसीच्या सर्व्हरला स्मरण नसले, तरी वापरणाऱ्याला आपल्या संगणकावर नोंद ठेवता येई. १९९१च्या ऑगस्टमध्ये मॉस्कोत उठाव झाला, तेव्हाच्या आयआरसीवरच्या संभाषणाच्या काही नोंदी अशाच टिकल्या. उठावाच्या गप्पा जपाव्यात असे कुणाला तरी वाटले, आणि ते साहजिकच. एरवीच्या साध्या संध्याकाळच्या गप्पा मात्र कुणाच्या तरी माळ्यावरच्या जुन्या संगणकात पडून असतील. तो भंगारवाल्याकडे जाण्याआधी त्या मागून घ्यायला हव्यात.