मराठी जाहिरातींचा ऑनलाइन ग्रंथशोध

मराठी जाहिरातींचा ऑनलाइन ग्रंथशोध म्हणजे संगणकीकृत ग्रंथसंग्रहांच्या साहाय्याने मराठी पुस्तके व नियतकालिके यांतील जाहिराती आणि जाहिरातविषयक लेखन शोधण्याची संशोधनपद्धती होय. गूगल बुक्स (२००४) व इंटरनेट आर्काइव्ह (स्थापना १९९६) ही यासाठीची प्रमुख साधने आहेत. जाहिरातींविषयीचे लेखन या साधनांत तुलनेने सहज सापडते. प्रत्यक्ष जाहिराती मात्र शब्दशोधातून अनेकदा निसटतात.

साधने

गूगल बुक्सवर स्वामित्वहक्काच्या स्थितीनुसार ग्रंथ पूर्ण, अंशतः किंवा केवळ काही ओळींच्या तुकड्यांत दिसतो. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे स्वामित्वहक्क टिकत असल्याने विसाव्या शतकातील बरेच साहित्य पूर्ण वाचता येत नाही. इंटरनेट आर्काइव्हवर डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया या प्रकल्पातील अनेक मराठी ग्रंथ आहेत. त्यांची शीर्षके बहुधा रोमन लिपीत व विविध वर्णलेखनांनी नोंदलेली आढळतात. शब्दवापराचा कालानुक्रमे आलेख काढणाऱ्या गूगलच्या एनग्राम व्ह्यूअरमध्ये मराठीचा समावेश नाही.

शोधसंज्ञा

केवळ 'जाहिरात' हा शब्द पुरेसा ठरत नाही, कारण जाहिरातीच्या मजकुरात तो शब्द असतोच असे नाही. त्यामुळे 'किंमत', 'टपालखर्च', 'व्ही. पी.', 'एजंट पाहिजेत', 'मिळण्याचे ठिकाण' यांसारखे जाहिरातीतील नेहमीचे शब्द वापरणे उपयुक्त ठरते. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांपूर्वीच्या मजकुरासाठी 'औषधें', 'पुस्तकें' अशी सानुस्वार रूपेही शोधावी लागतात. एकोणिसाव्या शतकातील शब्दार्थांसाठी मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची ऑनलाइन आवृत्ती उपलब्ध आहे.

स्थलनामे व नियतकालिके

अहमदनगर जिल्ह्याचे नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले. जुन्या साहित्याचा शोध घेताना मात्र 'अहमदनगर' किंवा 'नगर' हीच नावे द्यावी लागतात. याच जिल्ह्यातील 'नागापूर' हे नाव 'नागपूर'शी सारखे असल्याने शोधात घोटाळा होऊ शकतो. त्यासोबत जिल्ह्याचे नाव जोडल्यास निकाल नेमके होतात. अमेरिकन मराठी मिशनने १८४२ साली अहमदनगर येथे सुरू केलेले 'ज्ञानोदय' शोधताना 'ज्ञ'ची निरनिराळी रोमन रूपे तपासावी लागतात.

नावांची संदिग्धता 'किर्लोस्कर खबर' या मासिकाच्या बाबतीतही जाणवते. १९२० साली किर्लोस्करवाडीहून शं. वा. किर्लोस्कर यांनी सुरू केलेले हे मासिक मुळात कारखान्याच्या प्रसिद्धीचे साधन होते. मात्र केवळ 'किर्लोस्कर' हा शब्द दिल्यास कारखाना, मासिक आणि नाटककार अण्णासाहेब किर्लोस्कर यांच्याविषयीच्या नोंदी एकत्र येतात.

मर्यादा

नियतकालिकांचे खंड बांधताना मुखपृष्ठे व जाहिरातींची पाने काढून टाकण्याची प्रथा अनेक ग्रंथालयांत होती. अशा खंडाची छायाप्रत केली, तरी त्यात जाहिराती येत नाहीत. उरलेल्या पानांवरील नक्षीदार अक्षरे व चित्रांत गुंफलेला मजकूर यंत्राला नीट वाचता येत नाही. खंडमालिकेतील सर्व अंकांवर पहिल्या अंकाचे वर्ष नोंदलेले असणे, हा आणखी एक दोष आढळतो.

या कारणांमुळे शोधात काही न सापडणे, हा त्या काळी जाहिरात नसल्याचा पुरावा ठरत नाही. निवडक अंक पानोपान चाळणे, तारीख मूळ अंकावरून पडताळणे आणि ग्रंथालयातील न बांधलेली प्रत पाहणे आवश्यक असते.

संशोधनातील स्थान

विल्यम मॅझरेला यांनी २००३ च्या ग्रंथात मुंबईच्या समकालीन जाहिरातव्यवसायाचा मानववंशशास्त्रीय अभ्यास केला. डग्लस हेन्स यांच्या २०२२ च्या ग्रंथात वासाहतिक काळाच्या उत्तरार्धातील पश्चिम भारतीय वृत्तपत्रांतील जाहिराती हे महत्त्वाचे साधन आहे. असे ग्रंथ ऑनलाइन शोधातून मिळवता येतात. त्यांचा आधार असलेल्या जाहिरातींसाठी मात्र मूळ अंकांकडे वळावे लागते.