सुपा, सागवान आणि जुन्या लाकडाचे जतन

उत्तर कन्नड जिल्ह्यातील आजचा जोयडा तालुका पूर्वी सुपा या नावाने ओळखला जाई. १८६२ साली हा जिल्हा मद्रास इलाख्यातून मुंबई इलाख्यात आला आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत त्याचा कारभार मुंबईशी जोडलेला राहिला. मराठी, कोकणी व कानडी या तिन्ही भाषा येथे शेजारी नांदल्या. पुढे काळी नदीवरील धरण १९८७ साली पूर्ण झाले, मूळचे सुपा गाव जलाशयात गेले आणि तालुक्याचे ठाणे जोयडा येथे आले. गाव उठते तेव्हा शेत, देऊळ, विहीर मागे राहतात. हलविता येईल तेवढेच माणसाबरोबर जाते. जुन्या पेट्या, पाट, मेजे व कपाटे यांचे मोल अशा प्रसंगी कळते.

या मुलखाची खरी संपत्ती म्हणजे सागवान व शिसव. १८८८ मध्ये कॅसलरॉकमार्गे मुरगाव बंदरापर्यंत रेल्वे सुरू झाली. शेजारच्या दांडेलीचा अळणावरहून येणारा लोहमार्गही मुख्यतः लाकडाच्या वाहतुकीसाठी घातला गेला. १९५६ साली दांडेलीचे अभयारण्य झाले, २००७ साली व्याघ्रप्रकल्प आला आणि २०१५ पासून तो काळी या नावाने ओळखला जातो. जुन्या अरण्यातील मोठ्या वृक्षांचे लाकूड आता सहजी मिळणारे नाही. म्हणूनच जुन्या बाजारातून आलेल्या एखाद्या मेजावर हिरव्या वा करड्या तैलरंगाचे थर दिसले, तरी आत काय आहे ते पाहिल्यावाचून त्यावर आणखी रंग चढविणे उचित नव्हे.

प्रथम खणाच्या आतील न दिसणारा कोपरा निवडून स्पिरिटमध्ये भिजविलेला बोळा तेथे फिरवावा. लेप मऊ पडून चिकट झाला तर तो चपड्याचा, म्हणजे लाखेचा होय. तैलरंग सहसा तसा विरघळत नाही. जुना तैलरंग खरवडताना मात्र सावध राहावे. त्यात शिसे असण्याचा संभव असतो. भारतात घरगुती रंगांतील शिशावर दर दशलक्ष भागांत ९० ही मर्यादा २०१७ मध्ये लागू झाली. तेव्हा कोरडा काचकागद घासून धूळ उडविण्यापेक्षा ओला कागद वापरावा, लहान मुलांना दूर ठेवावे व खरवडलेला कचरा नीट बांधून टाकावा.

लाकूड उघडे पडल्यावर रेषेच्या दिशेनेच घासावे; आडवे ओरखडे रंगछटा दिल्यावर अधिक उठून दिसतात. रंगछटा (स्टेन) लाकडाच्या सूक्ष्म छिद्रांत शिरते आणि तेथेच राहते. ती चुकली तर पुसून काढणे कठीण. म्हणून उरलेल्या तुकड्यावर आधी पाहावे. साग स्वतः तेलकट असतो. त्यावर रंगछटा फिकी द्यावी, कारण काळा रंग फासून सागाला शिसव बनविण्यात दोन्ही लाकडांचा अवमान होतो. नवी जोडपट्टी जुन्या लाकडाशी मिळती करावी, पण जोड लपविण्याचा आटापिटा नको.

शेवटी चपडा. लाखेच्या किड्यांच्या रसापासून तयार होणारा हा पदार्थ स्पिरिटमध्ये विरघळवून कापडी बोळ्याने पातळ थरांत लावतात. गरम पेल्याचा पांढरा डाग त्यावर पडतो खरा. परंतु पुन्हा स्पिरिटचा हात फिरविला की तो थर सुधारता येतो. पुढच्या पिढीला दुरुस्तीची वाट उघडी ठेवणारा हा गुण महत्त्वाचा आहे.

ग्रंथालयातील कपाटेही याच न्यायाने जपली जावीत. जुने पान फाटले म्हणून नवा कागद चिकटवून मजकूर झाकीत नाहीत; लाकडावरील कालखुणांबाबतही तोच विवेक हवा. अरण्य, कारागीर व वापरणारी माणसे या तिघांचा इतिहास त्या खुणांत उरलेला असतो.