कागदाची सुरळी व छातीचे रोग

खोकला, कफ, बारीक ताप आणि दिवसेंदिवस होणारी कृशता, हीं लक्षणें दिसलीं कीं दोनशें वर्षांपूर्वीं युरोपांतील डॉक्टर बहुधा क्षयाचें नांव घेत. रोगी जिवंत असतां त्याच्या फुप्फुसांत काय चाललें आहे, हें कळण्याचा मार्ग फारच तोकडा होता. व्हिएन्नाच्या आउएनब्रुगर यानें छातीवर बोटांनीं ठोकून नाद पारखण्याची रीत १७६१ सालीं प्रसिद्ध केली. पण १८०८ त कॉर्व्हिसार यानें तिचें फ्रेंच भाषांतर करीपर्यंत तिच्याकडे फारसें कोणीं लक्ष दिलें नाहीं.

१८१६ सालीं कॉर्व्हिसारचाच शिष्य रेने लेनेक हा पॅरिसच्या नेकेर रुग्णालयांत होता. हृद्रोगाची लक्षणें असलेली एक तरुणी त्याजकडे आली. ती स्थूल असल्यानें ठोकून कांहीं उमगेना. छातीस कान लावणें प्रशस्त नव्हतें. तेव्हां त्यानें कागदांची घट्ट सुरळी करून तिचें एक टोक रोग्याच्या छातीस व दुसरें आपल्या कानास लावलें. हृदयाचे ठोके नुसत्या कानानें कधीं आले नव्हते इतके स्पष्ट ऐकूं आले. पुढें सुरळीच्या जागीं लांकडी नळी आली. हाच पहिला स्टेथॉस्कोप.

परंतु लेनेकचें खरें मोठेपण नळींत नाहीं, पुढच्या तीन वर्षांच्या तपश्चर्येंत आहे. रोग्याच्या छातींत ऐकलेला नाद तो टिपून ठेवी, आणि रोगी दगावल्यास शवविच्छेदन करून तो नाद कोणत्या विकृतींतून निघाला हें ताडून पाही. १८१९ सालीं त्याचा ग्रंथ निघाला. श्वासनलिका कायमच्या फुगून त्यांत कफ सांचून राहणें, हा विकार त्यानेंच प्रथम नीट वर्णिला. असा रोगी वर्षानुवर्षें खोकतो, पुष्कळ कफ टाकतो. तरी त्याला क्षय असतोच असें नाहीं.

निदान हातीं आलें, औषध मात्र नव्हतें. १८२६ त लेनेक स्वतःच अंथरुणास खिळला. त्याच्याच घराण्यांतील डॉक्टर मेरियादेक यानें नळी त्याच्या छातीस लावली व ऐकूं आलें तें सांगितलें. त्याचा अर्थ लेनेकला समजावून द्यावा लागला नाहीं. १३ ऑगस्ट रोजीं, वयाच्या ४५ व्या वर्षीं, तो क्षयानेंच निवर्तला.

क्षयाचा जंतु कॉखला १८८२ त सांपडला, क्ष-किरण १८९५ त आले. क्षयावरील गुणकारी औषध त्यानंतर सुमारें अर्ध्या शतकानें. आज क्षयरोग्याचा कफ तपासून त्याला महिनोन्महिने औषधें देतात. फुगलेल्या श्वासनलिकांतील कफ रोज बाहेर काढावा लागतो, व जंतुसंसर्ग झाल्यास निराळीं औषधें द्यावीं लागतात. दोहोंचे उपचार वेगळे, म्हणून दोन्ही रोग वेगळे ओळखतां आल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. आणि ती ओळख पटविण्यास आरंभ झाला तो त्या कागदाच्या सुरळीपासून.